पांग कुणी फेडायचे?

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातून आलेल्या एका बातमीने महाराष्ट्र काही दिवस सुन्न झाला होता. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या सराव चाचणीत गुण कमी पडले, या कारणावरून झालेल्या मारहाणीत एका मुलीचा मृत्यू झाला आणि त्या आरोपावरून अटक झाली ती तिच्या वडिलांना. त्यानंतर चर्चा झाली ती नेहमीच्याच वळणाने. कुणी त्या बापाला राक्षस ठरवले, कुणी खासगी शिकवणी वर्गांना दोष दिला, कुणी 'नीट' परीक्षेलाच धारेवर धरले. आठवड्याभरात दुसऱ्या बातम्या आल्या आणि विषय मागे पडला.

राक्षस ठरवण्यात एक सोय असते. तो माणूस आपल्यापैकी नाही, असे एकदा ठरले की आपल्या घराकडे पाहावे लागत नाही. परंतु त्या घरात जे टोकाला गेले, त्याची सौम्य रूपे शहरांतील सुस्थित आणि सुशिक्षित घरांत रोज पाहायला मिळतात. तिथे मारहाण नसते. निकालाच्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अबोला असतो, शेजारच्या मुलाच्या गुणांची सहज म्हणून केलेली चौकशी असते आणि 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केले' याची एक यादी असते. ही यादी मुलांना तोंडपाठ झालेली असते.

या यादीच्या तळाशी पुष्कळदा एक जुनी गोष्ट सापडते. आईला किंवा वडिलांना काही तरी व्हायचे होते, ते राहून गेले. डॉक्टर व्हायचे होते, औषध कंपनीचे प्रतिनिधी झालो. संशोधनात जायचे होते, बँकेत लागलो. गाणे शिकायचे होते, लग्न झाले. 'आमचे राहिले, तुझे राहू नये' हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरांत मायेने उच्चारले जाते आणि बहुतेक वेळा त्यात मायाच असते. प्रश्न असा की, या वाक्यातून मुलांना काही दिले जाते, की त्यांच्याकडे काही मागितले जाते?

सुटलेल्या गाडीची पिढी

हा प्रश्न केवळ स्वभावाचा नाही, त्याला काळाचा संदर्भ आहे. २०२५ मध्ये बारावीत असलेल्या मुलांचे आई-वडील साधारणपणे १९८८ ते १९९८ या दहा वर्षांत स्वतः बारावीत होते. महाराष्ट्राच्या शिक्षणव्यवस्थेतील हा मोठा विचित्र कालखंड. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि अन्य व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तोवर मोजक्या सरकारी महाविद्यालयांपुरते असलेले दार अचानक किलकिले झाले. दार उघडले, पण उंबरठ्यावर पैशांची पेटी ठेवलेली होती. देणग्यांचा एवढा बोभाटा झाला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यातील निकालानंतर 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' हे शब्द घराघरांत पोहोचले. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा १९९९ मध्ये आली. तोवर सारे काही बोर्डाच्या गुणांवर होते. एक-दोन गुणांनी 'फ्री सीट' हुकली आणि 'पेमेंट' परवडत नाही म्हणून बी.एस्सी.ला नाव घातले, ही त्या काळातील असंख्य घरांची हकिगत आहे.

याच दशकात आणखीही बरेच काही घडत होते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातील घरे सावरली नव्हती. थोरल्या मुलाने शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरायची, हा तिथला अलिखित नियम झाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील (उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव) कित्येक मुलांच्या शिक्षणाचे आराखडे एका पहाटेत मोडून टाकले. मुलींच्या बाबतीत तर भूकंपाचीही गरज नव्हती. चांगले स्थळ सांगून येणे पुरेसे होते.

म्हणून या पिढीने स्वप्न सोडले, असे म्हणणे पुरेसे नाही. ते सोडावे लागले. कुवत नव्हती असा निवाडा कधी झालाच नाही. परीक्षाच द्यायला मिळाली नाही. याचा मनावर होणारा परिणाम वेगळा असतो. ज्या वाटेने चालून पाहिले आणि अपयश आले, ती वाट हळूहळू विसरता येते. तिचे खाचखळगे ठाऊक झालेले असतात. जी वाट चालायलाच मिळाली नाही, ती मात्र मनात कायम सुंदर राहते. पन्नाशीच्या माणसाच्या मनातले हे स्वप्न अठरा वर्षांचेच राहिलेले असते.

पुढे दिवस पालटले. उदारीकरणाने नोकऱ्या दिल्या, वेतन आयोगांनी पगार वाढवले, शहरांत स्वतःची घरे झाली. जी 'पेमेंट सीट' एके काळी वडिलांना परवडली नव्हती, तिच्या किमतीची जुळवाजुळव करण्याची ऐपत आता मुलाच्या वडिलांत आली. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या नावांनी गाजलेला 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्राला ठाऊक होताच. त्यात राजस्थानातील कोटा शहराची भर पडली. वसतिगृह, शिकवणी, चाचण्यांचा संच, मुलाबरोबर राहण्यासाठी आईने घेतलेली बिनपगारी रजा, हे सारे विकत घेता येऊ लागले. आपल्या वेळी पैसा नव्हता म्हणून राहिले, आता पैसा आहे, तर मग अडचण कुठली? या हिशेबात अडचण म्हणून एकच गोष्ट उरते. ती म्हणजे प्रत्यक्ष मूल.

काळजाचा तुकडा

आपली भाषा या बाबतीत फार बोलकी आहे. मूल हा 'पोटचा गोळा' असतो, 'काळजाचा तुकडा' असतो. ते कुळाचे 'नाव काढते'. आणि मोठेपणी त्याने आई-बापाचे 'पांग फेडायचे' असतात. पांग म्हणजे उणीव, कमतरता, वाट्याला आलेली वंचना. आई-वडिलांनी जे सोसले त्याची भरपाई करणे, हा या शब्दप्रयोगाचा अर्थ. शेतीवर जगणाऱ्या आणि निवृत्तिवेतनाची सोय नसलेल्या समाजात तो अर्थ सरळ होता: थकलेल्या आई-बापाला दोन वेळचे जेवण, डोक्यावर चांगले छप्पर, आईच्या हातात बांगड्या. ही परतफेड मोजता येत असे आणि ती कधी तरी पूर्णही होत असे.

सुखवस्तू मध्यमवर्गात पांगाचे स्वरूप बदलले. आई-वडिलांकडे भविष्य निर्वाह निधी आहे, विमा आहे, घर आहे. मुलाच्या पैशांची त्यांना गरज नाही, असे ते अभिमानाने सांगतातही. 'आम्हाला तुझ्याकडून काही नको, तू फक्त मोठा हो.' वरकरणी निरपेक्ष वाटणारे हे वाक्य मुलासाठी फार जड असते. पैशांची परतफेड एका रकमेशी थांबते. स्वप्नाची परतफेड कुठे थांबते, हे कुणीच सांगत नाही. वैद्यकीय प्रवेश मिळाला की पदव्युत्तर प्रवेश असतो, तो मिळाला की 'ब्रांच' कोणती हा प्रश्न असतो.

मूल हा आपलाच अंश मानण्याचा या व्यवहाराशी काय संबंध आहे, याचा एक छोटा पण नेमका अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला आहे. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ८ ते १५ वर्षे वयाची मुले असलेल्या ७३ पालकांना त्यांनी आधी विचारले की, मूल हा तुम्हाला स्वतःचा किती भाग वाटतो. नंतर निम्म्या पालकांना स्वतःच्या राहून गेलेल्या महत्त्वाकांक्षांविषयी लिहायला सांगितले, तर उरलेल्यांना ओळखीच्या एखाद्या व्यक्तीच्या अशाच महत्त्वाकांक्षांविषयी. अखेरीस मुलाने आपले अपुरे स्वप्न पूर्ण करावे असे किती वाटते, हे विचारले. मुलाला आपलाच अंश मानणाऱ्या ज्या पालकांनी स्वतःच्या अपुऱ्या स्वप्नांची आठवण ताजी केली होती, त्यांच्यात ही इच्छा अधिक तीव्र आढळली. पालकांची संख्या थोडी, त्यात माता बहुसंख्य आणि देश परका, या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. तरीही निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. जुनी खंत एकटी तितकी प्रभावी नसते. मूल आणि आपण यांच्यातील सीमारेषा पुसट झाली की ती खंत मुलाच्या वाटेला जाते. 'काळजाचा तुकडा' म्हणणाऱ्या समाजाला हे समजणे अवघड जाऊ नये.

मुलांच्या वाट्याला काय येते?

दुसऱ्याचे स्वप्न उचललेल्या मुलांचे काय होते? इथे घाईने निष्कर्ष काढू नयेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक आहे. एकट्या कोटा शहरात २०२३ मध्ये पंचवीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश प्रशासनाला काढावा लागला. या प्रत्येक मृत्यूमागे आई-बापाचे स्वप्नच होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आत्महत्येला सहसा एकच कारण नसते. आजार, एकटेपणा, आर्थिक ओढाताण असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. शिवाय केवळ मृत्यूंचे आकडे पाहिले की जी मुले जगतात, उत्तीर्ण होतात, नोकरीलाही लागतात, त्यांचे काय होते हा प्रश्न दृष्टिआड होतो.

या जगणाऱ्या मुलांविषयी काही धागे हाती लागतात. अवि असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपेक्षा पूर्ण केल्या तरच मिळणाऱ्या प्रेमाचे परिणाम तपासले. असे सशर्त प्रेम 'काम करते', हे त्यांना दिसले. मुले अपेक्षेप्रमाणे वागतात. मात्र ती आतल्या सक्तीने वागतात, यशाचा आनंद अल्पकाळ टिकतो, अपयशानंतर शरम आणि अपराधभाव दाटून येतो आणि आई-वडिलांविषयी मनात अढी बसते. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मातांना स्वतःच्या आई-वडिलांकडून असे सशर्त प्रेम मिळाले होते, त्यांनी आपल्या मुलींच्या बाबतीत तेच केल्याचे आढळले. म्हणजे घराण्यात केवळ दागिने आणि भांडीच पुढच्या पिढीकडे जात नाहीत.

आपल्याकडे याची ओळखीची रूपे कोणती? पहिले रूप लपवाछपवीचे. गुण हे आई-वडिलांच्या मनःशांतीचे मोजमाप झाले की मूल गुण लपवते, चाचणीच नव्हती म्हणून सांगते आणि मग त्या खोट्याच्या भीतीत जगते. दुसरे रूप आज्ञाधारकतेचे. हे मूल कधी उलटून बोलत नाही, सांगितलेली शाखा घेते, पदवी मिळवते आणि पंचविशीत एके दिवशी 'मला नेमके काय आवडते ते मला सांगता येत नाही' म्हणते. आवड ही निवडून निवडून घडणारी गोष्ट आहे; ज्याने कधी निवडच केली नाही, त्याची आवड घडणार कशी? तिसरे रूप धाकट्या भावंडाचे. थोरला हुकला की स्वप्न खाली सरकते आणि धाकट्याला दोघांच्या वाटणीचे व्हावे लागते.

मुलींच्या वाट्याला यात आणखी एक पेच येतो. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या आईचे स्वप्न हे दुहेरी असते. मुलीने आपल्यासारखे घरात अडकू नये असे तिला मनापासून वाटते, आणि घरासाठी आपण जे सोडले त्याचे मोल मुलीने ओळखावे असेही वाटते. 'तुझ्यासाठी सोडले' हे ऐकत वाढलेल्या मुलीला पुढे स्वतःचे करिअर करताना आईचा विजय आणि आईचा पराभव असे दोन्ही वाटू लागते. नोकरी कुणासाठी सुटली, याचे उत्तर खरे तर पाळणाघरांच्या अभावात, नवऱ्याच्या बदलीत आणि सासरच्या अपेक्षांत असते. पण बिल मुलीच्या नावाने फाडले जाते.

शिडी आणि रूळ

मग आई-वडिलांनी मुलांसाठी स्वप्नच पाहू नये काय? असे म्हणणे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला धरून होणार नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांनी मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवल्याची हकिगत डॉ. आंबेडकरांच्या चरित्रातून मराठी वाचकांना परिचित आहे. वस्तीतून, वाडीतून, तांड्यावरून पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक मुलामागे कुणाची तरी हट्टी आकांक्षा उभी असते. जिथे पिढ्यान् पिढ्या दारच बंद होते, तिथे आई-बापाचा आग्रह हा मुलाच्या स्वातंत्र्याचा संकोच नसतो. अनेकदा तोच त्याच्या स्वातंत्र्याचा आरंभ असतो.

फरक कुठे आहे? शिडी देणे आणि रूळ टाकणे, यात आहे. शिडीने वर चढलेल्या माणसाला वर गेल्यावर कुठल्याही दिशेला जाता येते. रुळावरच्या गाडीला स्टेशन ठरवून दिलेले असते. 'शिकलास तर तुझे तुला ठरवता येईल' ही शिडी झाली. 'शीक, कारण तुला अमुकच व्हायचे आहे' हे रूळ झाले. सुस्थित मध्यमवर्ग मात्र कित्येकदा रूळ टाकतो आणि त्याला शिडीची पुण्याई लावतो. वंचितांच्या संघर्षाची भाषा दोन सदनिका असलेल्या घरात वापरली जाते, तेव्हा मुलाला ती खोटी वाटते.

सचिन तेंडुलकरचे घर या बाबतीत आठवण्यासारखे आहे. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाने साहित्यात यावे असा आग्रह त्यांनी धरला नाही. मोठा भाऊ अजित स्वतः क्रिकेट खेळत होता; सचिनला १९८४ मध्ये रमाकांत आचरेकरांकडे नेले ते त्याने. भावाने आपल्यासाठी स्वतःच्या क्रिकेटवर पाणी सोडले, हे सचिनने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावरील निरोपाच्या भाषणात कृतज्ञतेने सांगितले. म्हणजे त्याग त्या घरातही होता आणि अपुरे राहिलेले स्वप्नही होते. पण ज्या मुलाच्या हाती ते आले, त्याला बॅट आधीपासूनच प्रिय होती. स्वप्न मुलाच्या आवडीच्या मागून आले, पुढून नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. यशाच्या कथा आपण शेवटाकडून वाचतो. महावीर फोगाट यांनी मुलींना कुस्तीच्या आखाड्यात उतरवले. गीताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०१६ मध्ये 'दंगल' आल्यावर बापाचा हट्ट ही देशाची प्रेरणा झाली. पदक आले म्हणून हट्ट दूरदृष्टी ठरला. ज्या आखाड्यांतून, तालमींतून आणि शिकवणी वर्गांतून पदक आले नाही, तिथल्या हट्टाला काय म्हणायचे? त्यांच्यावर कुणी चित्रपट काढत नाही. आणि पदक आले तरी प्रश्न सुटतोच असे नाही. टेनिसपटू आंद्रे आगासीचे वडील इराणकडून १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळले होते. मुलगा जगातला अव्वल टेनिसपटू व्हावा या ध्यासाने त्यांनी त्याला अगदी लहानपणापासून मैदानात जुंपले. मुलगा जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचलाही. पण निवृत्तीनंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने सांगितले की आपल्याला टेनिसचा तिरस्कार वाटत आला होता. वडिलांचे स्वप्न इतके पूर्ण करणारा मुलगा क्वचित सापडेल, आणि त्याचीही साक्ष अशी आहे.

न्यायालय उंबरठ्यापर्यंत

या प्रश्नात राज्यसंस्थेने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिकवणी वर्गांवर नियंत्रण आणण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने दोषाचे बोट प्रामुख्याने पालकांच्या अपेक्षांकडे वळवले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी संस्थांत प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा निर्देश दिले. गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्यांची जाहीर मानहानी करू नये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, पालकांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यांचे स्वरूप आहे.

हे निर्देश योग्यच आहेत, पण कायदा उंबरठ्यापाशी थांबतो. जेवणाच्या टेबलावरील अबोल्यावर कुठलेही मंत्रालय मार्गदर्शक तत्त्वे काढू शकत नाही.

त्याच वेळी सारा दोष पालकांच्या माथी मारून मोकळे होणेही बरोबर नाही. २०२५ मध्ये बावीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी 'नीट' दिली आणि त्यातील बारा लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही माफक शुल्काच्या सरकारी जागा साधारण निम्म्या. पात्र ठरलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना जागाच नाही, ही कुणा बापाची महत्त्वाकांक्षा नव्हे, हे व्यवस्थेचे गणित आहे. २०२४ च्या पेपरफुटी प्रकरणाने, ज्याच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, या गणितावरचा उरलासुरला विश्वासही डळमळीत केला. अभियांत्रिकीच्या जागा इतक्या वाढल्या की हजारो रिकाम्या राहू लागल्या. पण त्याने स्वप्न निवले नाही, ते फक्त आयआयटीपर्यंत वर सरकले. बरी नोकरी मोजक्याच पदव्यांना मिळते, अशी भीती जोवर खरी आहे तोवर पालकांचा आग्रह निव्वळ अहंकार ठरत नाही. त्यांच्या आग्रहात भीती किती आणि जुनी खंत किती, हे वेगळे काढणे मात्र त्यांच्याच हाती आहे.

खंत वेगळी काढताना

ते वेगळे काढायचे कसे? याची एक साधी कसोटी आहे. मुलाने 'नको' म्हटले, तर आपल्याला काय वाटते? मुलाच्या पोटापाण्याची काळजी वाटत असेल, तर त्यावर बोलता येते. दुसरा अभ्यासक्रम, त्यातली मिळकत, खर्च, पर्याय यांची चर्चा होऊ शकते. पण 'नको' ऐकताच आपला अपमान झाल्यासारखे, आपल्याजवळचे काही हिरावले गेल्यासारखे वाटत असेल, तर ते स्वप्न मुलाचे नव्हतेच. काळजीला उत्तर देता येते. पांगाला उत्तर देता येत नाही, कारण तो मुलाने केलेला नसतो.

दुसरी गोष्ट सांगण्याच्या पद्धतीची. आई-वडिलांनी आपल्या राहून गेलेल्या स्वप्नाची हकिगत मुलांना सांगू नये, असे मुळीच नाही. उलट ती नीट सांगावी. कोणत्या वर्षी, किती गुणांनी, घरात तेव्हा काय परिस्थिती होती, कोण काय म्हणाले, किती रडू आले. ती हकिगत म्हणून सांगावी, तिच्या शेवटी 'म्हणून तू' हे दोन शब्द जोडू नयेत. ते वगळले की तीच हकिगत मुलाला आई-वडिलांच्या जवळ आणते. आपला बापही कधी काळी हरला होता आणि तरीही त्याचे आयुष्य उभे राहिले, हे परीक्षेत मागे पडलेल्या मुलासाठी फार मोठे आश्वासन असते.

तिसरी गोष्ट बहुधा सर्वांत अवघड. जे राहिले आहे त्यातले जमेल तेवढे स्वतः करावे. पन्नाशीत वैद्यकीय महाविद्यालयात जाणे फार अवघड आहे, हे खरेच. पण मुक्त विद्यापीठाची पदवी घेता येते, पेटी पुन्हा उघडता येते, पहाटे पोहता येते, एखाद्या दवाखान्यात किंवा शाळेत आठवड्याचे दोन तास देता येतात. स्वतःच्या आवडीसाठी वेळ काढणाऱ्या आईला घराबाबत बेजबाबदार मानण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल. त्या वेळातून मुलांना मिळणारा धडा कुठल्याही शिकवणीत मिळत नाही. स्वप्न सोडलेल्या आई-बापाकडे पाहत मुले स्वप्न सोडायचे कसे हेच शिकत असतात, मग तोंडाने त्यांना काहीही सांगा.

शाळा आणि महाविद्यालयांच्या पालक सभांतूनही या विषयाला जागा हवी. तिथे गुणपत्रिका आणि शुल्क याखेरीज सहसा काही बोलले जात नाही. न्यायालयाने सांगितलेल्या जागृती कार्यक्रमांत मुलांची लक्षणे ओळखण्याबरोबरच पालकांना स्वतःच्या खंतीविषयी बोलायला लावले, तर ते अधिक उपयोगाचे ठरतील. ज्या घरात प्रश्न हाताबाहेर जात असेल, तिथे केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक केवळ मुलांसाठी नाही. हताश झालेल्या बापालाही तो फिरवता येतो.

जानेवारी २०१० मध्ये मुंबईत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची मालिका सुरू असतानाच महेश मांजरेकर यांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' हा चित्रपट प्रदर्शित झाला होता. त्यात बापाच्या हातून मार बसून मुलगा कोमात जातो आणि मग बाप शिक्षणव्यवस्थेला जाब विचारू लागतो. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षांनी सांगली जिल्ह्यातून बातमी आली, तेव्हा तिथे चूक सुधारायला उत्तरार्ध नव्हता. व्यवस्थेला जाब विचारलाच पाहिजे, जागा वाढल्या पाहिजेत, परीक्षा विश्वासार्ह झाल्या पाहिजेत. पण त्या व्हायला वर्षे लागतील आणि मूल यंदा बारावीत आहे. पांग ज्याचे त्याने फेडायचे की मुलाच्या नावावर चढवायचे, हे ठरवायला मात्र कुठल्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.